थोर गोलंदाज बाळू पालवणकर



शिवाजी महाराज, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. या वेळी मी एका क्रिकेट खेळणाऱ्या माणसाचे चरित्र लिहीत आहे. त्यांचे नाव बाळू पालवणकर. आपल्याला सचिन तेंडुलकर माहीत आहे. आपल्या बाबांना आणि काकांना सुनील गावसकर माहीत आहे. पण बाळू पालवणकर म्हटलं की सगळे विचारतात, हे कोण? तर हे त्या सगळ्यांच्या आधीचे. भारताची कसोटी टीमसुद्धा निघाली नव्हती तेव्हाचे. त्या काळात हिंदुस्थानात त्यांच्याएवढा मोठा बोलर दुसरा नव्हता, असे जाणकार सांगतात.

बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. धारवाड आता कर्नाटकात आहे. त्याचे मूळ गाव कोकणातले पालवण. म्हणून आडनाव पालवणकर. आपल्या बीडजवळ पण एक पालवण आहे. तिथे माळावर झाडे लावून देवराई केली आहे. पण ते पालवण वेगळे आणि हे वेगळे. नाव सारखे आहे म्हणून सांगितले, नाहीतर कुणी तरी म्हणायचं की बाळू आपल्या बीडचा.

बाळूचे वडील इंग्रजांच्या पलटणीत नोकरीला होते. पुढे हे कुटुंब पुण्यात राहू लागले. घर चर्मकार समाजाचे. त्या काळी या समाजाला लोक अस्पृश्य समजत. अस्पृश्य म्हणजे काय ते गुरुजींनी आपल्याला शिकवले आहे. विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही, देवळात येऊ द्यायचे नाही, त्यांना शिवायचे नाही. अशा घरात बाळू वाढला. त्याला शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे तीन धाकटे भाऊ होते. चौघे पण क्रिकेट खेळले आणि चौघांचे पण नाव झाले. एकाच घरातले चार! आपल्याकडे एका घरातले चार भाऊ एका बॅटवरून भांडतात.

पुण्यात गोरे साहेब क्रिकेट खेळत. त्यांची बॅट मोडकी झाली, चेंडू उसवला, की ते टाकून देत. तेच सामान घेऊन बाळू आणि शिवराम खेळायला शिकले. त्यांना शिकवायला कुणी नव्हते. नुसतं बघून बघून शिकले.

बाळू लहान वयातच कामाला लागला. पहिले काम पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्लबात. मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायचा. पगार महिन्याला ३ रुपये. रिकाम्या वेळात तो तिथल्या लोकांना चेंडू टाकायचा. नंतर १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागला. तिथे ४ रुपये मिळू लागले. म्हणजे एक रुपया वाढला. काम मात्र लई होते. रूळ ओढायचा, रेघा मारायच्या, जाळी बांधायची, टेनिसचे कोर्ट आखायचे आणि शिवाय साहेबांना सराव करायला चेंडू टाकायचा.

तिथे ग्रेग नावाचा एक कॅप्टन होता. तो फार चांगली बॅटिंग करायचा. पुढे तो इंग्लंडात हॅम्पशर या टीमकडून पण खेळला. हा ग्रेग रोज बाकीच्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूला तासन् तास बोलिंग करायला लावायचा. असे सांगतात की बाळूने त्याला आऊट केले की ग्रेग त्याला ८ आणे द्यायचा. ८ आणे म्हणजे अर्धा रुपया. मी हिशेब केला. आठ वेळा आऊट केले की महिन्याचा पगार निघाला! मग बाळू मन लावून चेंडू टाकणारच ना.

बाळू डावखुरा होता. त्याची बोलिंग हळू असायची. आपल्याकडे मुलांना वाटते की लांबून पळत यायचे आणि जोरात फेकायचा, म्हणजे बोलर. बाळू थोडंसंच धावायचा. चेंडू हवेत उंच द्यायचा, कधी लांब कधी आखूड टाकायचा, आणि टप्पा पडला की चेंडू वळायचा. कधी आत तर कधी बाहेर. बॅट्समनला वाटायचे सोपा चेंडू आहे, आणि तो पुढे आला की गेलाच. इंग्लंडात यॉर्कशरचा विल्फ्रेड ऱ्होड्स नावाचा एक डावखुरा स्पिनर लई गाजलेला होता. पुढे लोक बाळूची बरोबरी त्याच्याशी करू लागले.

पण एक गोष्ट बघा. पूना क्लबात बाळूने इतकी वर्षे हजारो चेंडू टाकले, पण साहेबांनी त्याच्या हातात बॅट कधी दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची आणि घाम बाळूने गाळायचा.

त्याच वेळी पुण्यातल्या हिंदू लोकांचा पण एक क्लब होता. त्यांची आणि गोऱ्यांची चुरस असायची. बाळूची बोलिंग तर सगळ्या पुण्याने ऐकलेली. त्याला आपल्या टीममध्ये घ्यावे की नाही यावर क्लबात मोठा वाद झाला. काही लोक म्हणाले घ्या, आपण जिंकू. काही म्हणाले, शिवाशिव होईल. शेवटी घेतले. जिंकायचे होते ना!

घेतले, पण कसे घेतले ते ऐका. मैदानात सगळे जण त्याच चेंडूला हात लावायचे. बाळूने टाकलेला चेंडू विकेटकीपर धरायचा, तो दुसऱ्याकडे फेकायचा, दुसरा परत बाळूकडे. चेंडू तर चामड्याचा. तेव्हा कुणाला विटाळ होत नव्हता. पण खेळ थांबून चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून कपात चहा प्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायला त्याचे पान वेगळे मांडायचे. तोंड धुवायला पाणी द्यायचे तर ते पण त्याच्याच समाजातल्या गड्याने आणून द्यायचे. मी हे घरी आजीला सांगितले. आजी म्हणाली, अरे, मी लहान असताना आपल्या गावात पण असंच होतं. मला आधी वाटले होते की हे फक्त पुण्यातच झाले.

बाळू मात्र खेळत राहिला. पुण्याच्या हिंदू टीमने गोऱ्या लोकांना हरवले. साताऱ्याला जाऊन तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला पण हरवले. त्या मॅचमध्ये बाळूने ७ जणांना आऊट केले. साताऱ्याहून आल्यावर पुण्यात त्याचा मोठा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सभेत सर्वांना सांगितले की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून जेवायला आणि चहा प्यायला काय हरकत आहे. लोकमान्य टिळकांनी पण बाळूचा गौरव केला. तेव्हापासून बाळूचे नाव सगळीकडे झाले.

१८९६ साली पुण्या-मुंबईकडे प्लेग आला होता. त्याच सुमारास बाळू मुंबईला गेले. (आता ते मोठे झाले म्हणून मी अहो-जाहो लिहितो.) मुंबईत त्यांनी पलटणीत आणि नंतर रेल्वेत नोकरी केली. रेल्वेच्या टीमकडून आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. शिवराम पण त्यांच्या जोडीला होते. मुंबईत हे भाऊ टीमबरोबर एकत्र बसून जेवू लागले. म्हणजे पुण्यापेक्षा एक पाऊल पुढे.

त्या काळी मुंबईत मॅचेस धर्माप्रमाणे होत. पारशांची एक टीम, गोऱ्यांची एक, हिंदूंची एक. १९१२ पासून मुसलमानांची पण एक आली, म्हणून त्या सामन्यांना चौरंगी म्हणत. आता आपल्याला हे विचित्र वाटते. गांधीजींना पण ते आवडत नव्हते आणि शेवटी १९४६ नंतर ते सामने बंद झाले. पण त्या वेळी तीच सगळ्यात मोठी क्रिकेट होती. हजारो लोक बघायला येत, झाडांवर चढून बसत.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन अशी मॅच मुंबईला झाली. हिंदूंच्या टीमने १०९ रनांनी गोऱ्यांना हरवले. टीममध्ये बाळू आणि शिवराम दोघे पण होते. ज्यांचं राज्य, त्यांच्याच खेळात त्यांना हरवलं! तेव्हा टीव्ही आणि रेडिओ नव्हता, तरी ही बातमी गावोगाव गेली.

आता खरी गंमत पुढेच आहे. १९११ साली हिंदुस्थानची टीम पहिल्यांदा इंग्लंडला निघाली. आधी पारशी लोकांच्या टीमा जाऊन आल्या होत्या, पण सगळ्या धर्मांची मिळून अशी ही पहिलीच. पारशी होते, हिंदू होते, मुसलमान होते, आणि कप्तान होते पतियाळाचे शीख महाराजा भूपिंदरसिंग. बाळू आणि शिवराम दोघांची पण निवड झाली. मे महिन्यात टीम मुंबईहून बोटीने निघाली.

इंग्लंडात कौंटी म्हणून असते. कौंटी म्हणजे आपल्याकडे जिल्हा असतो तसे. बीड, लातूर, परभणी, तसे त्यांचे केंट, सरे, यॉर्कशर. तिथे प्रत्येक मोठ्या कौंटीचा क्रिकेट क्लब असतो. लोक आपापल्या कौंटीच्या बाजूने ओरडतात. हे क्लब फार जुने आहेत. सॉमरसेट कौंटीचा क्लब १८७५ साली निघाला, म्हणजे बाळूच्या जन्माच्या वेळचा. लेस्टरशरचा १८७९ साली निघाला. मधल्या दोन महायुद्धांत सामने बंद पडले होते, पण क्लब टिकले आणि आज पण चालू आहेत. आपल्या बीड जिल्ह्याचा असा दीडशे वर्षांचा क्लब असता तर! पण तेव्हा आपल्या बीडवर निजामाचे राज्य होते.

या कौंट्यांमध्ये वर्षानुवर्षे खेळणारे पक्के खेळाडू असत. काहींना त्याचा पगार मिळायचा. आपली टीम मात्र पहिल्यांदाच एकत्र आलेली. हवा वेगळी, जेवण वेगळे. त्यात महाराजा थोडेच सामने खेळले, कारण लंडनमध्ये राजाचा राज्याभिषेक होता, पार्ट्या होत्या. कप्तानच जागेवर नाही, मग टीमचे काय होणार? एकूण २३ सामने झाले. त्यातले १५ आपण हरलो, ६ जिंकलो आणि २ बरोबरीत सुटले.

एवढे हरलो तरी एका माणसाचे नाव इंग्लंडातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत आले. बाळूंचे. त्यांनी या दौऱ्यात ११४ विकेटा घेतल्या. २३ सामन्यांनी भागले तर एका सामन्यात जवळजवळ ५ येतात. त्यातल्या ७५ विकेटा मोठ्या म्हणजे प्रथम दर्जाच्या सामन्यांतल्या. केंब्रिजच्या विद्यापीठाची मोठी टीम होती, तिच्या एका डावात त्यांनी ८ जण बाद केले. त्या वर्षी इंग्लंडात कडक उन्हाळा पडला होता. आपल्या मे महिन्याएवढा नसेल, पण तिथल्या लोकांना तो पण सहन होईना. त्या उन्हात पस्तीस वर्षांचे बाळू एकटे दिवस दिवस बोलिंग करत होते. दुसरा तसा बोलर नव्हताच, मग करणार काय!

पहिल्यांदा आपण जिंकलो ते लेस्टरशर कौंटीला हरवून. बाळूंनी त्या सामन्यात ११ विकेटा घेतल्या. नंतर सॉमरसेट कौंटीशी सामना झाला. तो तर असा रंगला की आपली फक्त एक विकेट राहिली होती तेव्हा आपण जिंकलो. त्यात धाकटे भाऊ शिवराम यांनी शतक ठोकले आणि शेवटपर्यंत आऊट झाले नाहीत. दोन्ही कौंट्यांना हरवले, आणि दोन्ही वेळेला पालवणकरांच्याच घरातला माणूस पुढे होता. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांच्या घरातला.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा मोठा सत्कार केला. त्यांना मानपत्र दिले. ते मानपत्र कुणी लिहिले असे सांगतात, माहीत आहे? भीमराव आंबेडकर नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने. हेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा ते बाबासाहेब झाले नव्हते आणि परदेशी पण गेले नव्हते. बाळूच त्यांच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होते.

आता मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो ती सांगतो. एवढे करून पण हिंदूंच्या टीमने बाळूंना कप्तान केले नाही. १९१० पासून दर वर्षी लोक मागणी करायचे की बाळूंना कप्तान करा. अनुभव त्यांचा जास्त, विकेटा त्यांच्या जास्त, डोके पण त्यांचे. पण दर वर्षी कप्तान दुसराच. कारण सगळ्यांना माहीत होते आणि कुणी उघड बोलत नव्हते. एम. डी. पै नावाचे कप्तान होते, ते मात्र चांगले होते. एका सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगून टाकले की हा मान बाळूंचा होता. आपल्या वर्गात मॉनिटर झालेला मुलगा असे कधी म्हणेल का? मला नाही वाटत.

१९२० साली तर कहरच झाला. बाळूंना टीममधूनच वगळले. पै आजारी होते, तर कप्तानपद विठ्ठल यांना मिळायला पाहिजे होते. विठ्ठल तेव्हा फार छान बॅटिंग करायचे. पण त्यांना सोडून दि. ब. देवधर यांना कप्तान केले. देवधर पण मोठे खेळाडू होते, पुण्याचे प्रोफेसर. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी ठरवले की आता गप्प बसायचे नाही. दोघांनी टीम सोडली आणि वर्तमानपत्रात पत्र छापून कारण सांगितले. आमच्यावर जातीमुळे अन्याय झाला, असे साफ लिहिले. खूप लोकांनी त्यांची बाजू घेतली. गावात सुद्धा असे कुणी लिहून दाखवायचे म्हणजे छाती लागते, आणि हे तर अख्ख्या मुंबईसमोर.

मग निवड करणाऱ्यांना नमते घ्यावे लागले. पारशांबरोबरच्या पुढच्या सामन्यात तिन्ही भाऊ परत आले आणि बाळूंना उपकप्तान केले. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर जाऊन बसले. म्हणजे तेवढा वेळ टीम कोण चालवणार? बाळू! तेवढीच काय ती त्यांची कप्तानी. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे झाले होते आणि त्यांचा खेळ संपत आला होता. त्याच वर्षी त्यांचा भाऊ गणपत वारला.

पण १९२३ साली विठ्ठल हिंदूंच्या टीमचे कप्तान झाले. त्या वर्षी त्यांच्या टीमने युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन नाचवले. ज्यांनी एके काळी शिवून घेतले नसते त्यांनीच उचलून घेतले. बाळूंना ते बघून काय वाटले असेल?

क्रिकेट सुटल्यावर बाळू राजकारणात आले. ते गांधीजींना मानत. १९३२ साली पुणे करार झाला, त्यावर बाळूंची पण सही आहे. या बाबतीत त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे पटले नाही. १९३७ साली मुंबईत निवडणूक झाली तेव्हा तर काँग्रेसने डॉ. आंबेडकरांच्या समोर बाळूंनाच उभे केले. ज्याने मानपत्र लिहिले तो एकीकडे आणि ज्याला मानपत्र दिले तो दुसरीकडे! डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. म्हणजे बाळू २,०२० मतांनी हरले. यात कोण बरोबर यावर आमच्या घरी काकांचा आणि बाबांचा वाद झाला. मी मध्ये बोललो नाही.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली इंग्लंडात लॉर्ड्सच्या मैदानावर झाला. तेव्हा बाळू पन्नाशीच्या पुढे गेले होते. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव शोधून सापडत नाही. प्रथम दर्जाचे सामने ते ३३ खेळले आणि त्यांत त्यांनी १७९ विकेटा घेतल्या.

विठ्ठल यांनी पुढे आपल्या आठवणींचे मराठी पुस्तक लिहिले. त्याचे नाव माझे क्रीडा-जीवन. ते १९४८ साली निघाले.

१९५० साली आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. ते बघायला बाळू होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

— इयत्ता ४ थी